लाल बोटं

लेले मॅडम माणसाच्या तोंडाकडे बघायच्या ते फक्त कामापुरतं. एरवी सगळं लक्ष हातांकडे. आणि होत्या दंतवैद्य! पेशंट दारात आला की "या" नाही, "बसा" नाही. पहिला प्रश्न, "हात कुठे कुठे गेला होता?"

नारायण पेठेतल्या त्यांच्या दवाखान्यात मी मदतनीस म्हणून लागले, तेव्हा हिंजवडीला कंपन्या नुकत्याच येत होत्या. शनिवारी तिथली मुलं नव्याकोऱ्या मोबाइलसकट दात दाखवायला यायची. एकानं खुर्चीत आडवं पडल्यापडल्याच फोन उचलला.

"मॅडम, क्लायंटचा कॉल आहे. अर्जंट."

"बोला ना. तुमचा दात आम्ही तोवर तसाच उघडा ठेवतो."

त्यानं फोन ठेवला. मॅडमनी तो चिमट्यानं उचलून पिशवीत घातला आणि त्या मुलाला पुन्हा हात धुवायला पाठवलं.

प्रत्येक पेशंटनंतर हत्यारं घासून, पाकिटात बंद करून वाफेच्या यंत्रात जायची. खुर्ची, दिव्याची मूठ, नळ, सगळं औषधानं पुसायचं. मी कुठे कुरकुरले तर म्हणायच्या, "दिसत नाही म्हणजे नाही, असं नसतं, विद्याबाई." पुढे पुढे मी घरी नवऱ्याच्या ताटावरूनही हात फिरवून बघायला लागले.

दवाखान्यात दोन खुर्च्या होत्या. दुसरी वापरात नव्हती. तिच्यावर उशीपर्यंत पांढरी चादर घातलेली, कुणी गळ्यापर्यंत पांघरून झोपावं तशी. ती शैलाताईंची खुर्ची. मॅडमच्या कॉलेजपासूनच्या मैत्रीण. दवाखाना दोघींनी मिळून काढलेला. पेशंटला टोचलेली सुई शैलाताईंच्या बोटात गेली, कावीळ झाली आणि त्यातच त्या गेल्या. हे मला समोरच्या औषधवाल्यानं सांगितलं. मॅडमच्या तोंडून त्यांचं नावही कधी ऐकलं नव्हतं.

महिन्यातून एकदा, शनिवारी दुपारी दार लावून आमची परीक्षा व्हायची. पहिल्या खुर्चीत प्लास्टरचा जबडा ठेवायचा. त्यात खायचा लाल रंग कालवलेलं पाणी ओतायचं. ही पेशंटची थुंकी. मग हातमोजे घालून खरा दात भरावा तसं काम करायचं. मॅडम त्या जबड्यालाही विचारायच्या, "दुखतंय का?" आणि उत्तराची वाट बघायच्या. काम संपलं की दोघींनी दारात उभं राहून बघायचं. दिव्यावर लाल बोटं, खणावर लाल बोटं, नळावर, भिंतीवर. पहिल्यांदा मी आरशात बघितलं तर माझ्या कानावरही. मी किंचाळलेच.

"ओरडू नका. ती तुमचीच आहेत," मॅडम म्हणाल्या.

अशाच एका शनिवारी शैलाताईंच्या खुर्चीच्या उशीवर मला लाल ठसे दिसले. चार बोटं आणि अंगठा. ताजे, ओले.

"तिकडे कशाला गेला होतात?" मॅडमनी विचारलं.

"मी नाही गेले."

"मी तर नाहीच नाही."

दाराला आतून कडी होती. तिसरं कुणीच नव्हतं. मी ती उशी पुसली, पण पाठ तिकडे करून उभं राहायची हिंमत होईना. पुढच्या महिन्यात पुन्हा तेच. तिथेच, तसेच. मॅडमनी खिडकीची कडी दोनदा तपासली. मला त्याचीच जास्त भीती वाटली.

नोकरी सोडायचं ठरवलं होतं. पण पुढच्या परीक्षेला मी जबड्याकडे बघितलंच नाही, त्या उशीवरच नजर ठेवली. मॅडम मला रागावत, बोलत बोलत बेसिनकडे निघाल्या. त्या खुर्चीपाशी आल्या तसा त्यांचा हात आपोआप उशीवर गेला, जरासा दाबला आणि परत आला. बोलणं तुटलं नाही. त्यांनी मान वळवूनही पाहिलं नाही.

"मॅडम," मी म्हटलं, "तुम्हीच हात लावलात. आत्ता."

त्या परत आल्या. मोजा घातलेली बोटं त्यांनी हळूच त्या ठशांवर टेकवली. बरोबर बसली.

"शैलाची मान धरायची," त्या म्हणाल्या. "पेशंट नसला की इथेच डोकं टेकून पडायची. जाता-येता दाबून द्यायचे मी."

मग औषध घेऊन त्यांनी ती उशी स्वतः पुसली. इतकं सावकाश पुसताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

"विद्याबाई, सोमवारपासून हिलाही पुसत चला. प्रत्येक पेशंटनंतर."

"पण मॅडम, हिच्यावर कुणी बसत नाही."

"माहीत आहे," त्या म्हणाल्या. "पण माझा हात जाणार."