सामनेवाले बोलत नाहीत

नोटीस आली तेव्हा मास्तरांच्या तोंडात टाचण्या होत्या, त्यामुळे ती आणणाऱ्या बेलिफाला त्यांनी नुसती मान हलवली आणि सही केली. कोर्टाच्या मागच्या गल्लीत वकिलांचे काळे गाऊन शिवण्याचं त्यांचं दुकान होतं. कोर्टाचे कागद दारावरून रोज जायचे. त्यातला एखादा आपल्यासाठी थांबेल असं कधी त्यांच्या मनातही आलं नव्हतं. बायको मुलीला घेऊन भावाकडे राहायला गेली, त्यालाही आता बरेच महिने झाले होते. तिने घटस्फोट मागितला होता आणि मुलीचा ताबा. कारण एका ओळीत होतं : ‘सामनेवाले घरात बोलत नाहीत.’ हे सामनेवाले म्हणजे आपणच, हे कळायला मास्तरांना तो कागद दोनदा वाचावा लागला.

आरोप खोटा म्हणायची सोय नव्हती. दिवसभर टाचण्यांमुळे तोंड मिटलेलं, आणि घरी आलं तरी ते मिटलेलंच राही. आनंद झाला की “हं”, राग आला की तेच “हं” जरा लांब. बायकोने बारा वर्षं त्या “हं”चे अर्थ लावले आणि शेवटी तिला थकवा आला.

आता घरी गेलं की सकाळी आपण लावलेलं कुलूप संध्याकाळी आपणच काढायचं. मुलीची खोली मास्तर रोज झाडून ठेवत. रविवारीही दुकान उघडत, कारण तिथे निदान मशीन तरी वाजायचं.

वकील करायला हवा होता, पण इथेच घोडं अडलं. गल्लीतले सगळे वकील त्यांची गिऱ्हाइकं. एकाला वकीलपत्र दिलं तर बाकीचे रुसणार. तेव्हा मास्तरांनी ठरवलं की वकील कुणालाच करायचं नाही, सल्ला मात्र सगळ्यांचा घ्यायचा. तोही माप घेताना. छातीभोवती टेप असला की माणूस फार लांब जाऊ शकत नाही.

फौजदारी चालवणारे एक धिप्पाड वकील म्हणाले, काहीही कबूल करायचं नाही, नोटीस मिळाली हेसुद्धा नाही. दुसऱ्यांनी घाबरवलं, लेखी म्हणणं मुदतीत दिलं नाही तर एकतर्फी निकाल लागेल. तिसऱ्यांचं मत पडलं की ताबा दणकून मागावा, म्हणजे निदान भेटी तरी पदरात पडतील. एका म्हाताऱ्या वकिलांनी चष्मा पुसत समजावलं, की ताबा आईकडे गेला म्हणून बापाची भेट तुटत नाही, मात्र ती मागून घ्यावी लागते. मास्तरांना सगळ्यांचंच पटलं.

पण सल्ला हवा तर हकिगत सांगायला हवी. सुरुवातीला ते दोन वाक्यांत उरकत. मग समोरचा एखादा प्रश्न विचारी, त्याचं उत्तर द्यावं लागे. हळूहळू मास्तरांना सांगायची गोडीच लागली. बाहीची लांबी द्यायला आलेला वकील तासाभराने सुटू लागला. काहीजण माप कारकुनाबरोबर पाठवू लागले. मग मास्तरांनी कारकुनांना सांगायला सुरुवात केली.

अशात एक तरुण वकीलबाई दुकानात आल्या. गावात नव्या होत्या, स्वतःची पहिलीच केस मिळाली होती आणि गाऊन तातडीने हवा होता. मास्तरांनी खांद्यावर टेप ठेवला आणि बांध फुटला.

“मी तिला काही केलं नाही, मॅडम. काही म्हटलंही नाही. तेच तर तिचं म्हणणं आहे. घटस्फोट मला नकोय, पण तिला अडवून ठेवायला तोंड कुठंय मला? मुलीचा रविवार तेवढा मिळावा. अजून जिन्यात पाऊल वाजलं की मी दार उघडून बघतो. वरच्या मजल्यावरचे असतात.”

वकीलबाईंचे डोळे भरून आले. हे सगळं असंच्या असं कोर्टात सांगा, दुसऱ्या कुणाचं ऐकू नका, असं त्यांनी बजावलं. आपल्या पहिल्या केसशी या माणसाचा काही संबंध असेल अशी शंकासुद्धा त्यांना आली नाही. गल्लीत मास्तरांचं खरं नाव कुणाला ठाऊक नव्हतं, अर्जात धंदा नुसता ‘दुकानदार’ असा लिहिला होता, आणि वकीलबाईंच्या केसमधले सामनेवाले तर बोलत नव्हते. हा माणूस थांबत नव्हता.

तारखेला पुकारा झाला. मास्तर उभे राहिले. पलीकडे बायको उभी होती आणि तिच्या शेजारी नव्या गाऊनमध्ये वकीलबाई. मास्तरांची नजर सवयीने आधी खांद्याच्या शिवणीवर गेली. शिवण नीट बसली होती. मग त्यांनी चेहरा पाहिला.

वकीलबाईंनी चाचरत सांगितलं, की सामनेवाल्यांनी अजाणता आपल्याला त्यांची पूर्ण बाजू सांगितली आहे, तेव्हा आता अर्जदारांच्या वतीने उभं राहणं योग्य होणार नाही.

“पूर्ण बाजू?” न्यायाधीशबाईंनी अर्जावर नजर टाकली. “इथे तर लिहिलंय, हे बोलत नाहीत.”

कोर्टात खसखस पिकली. तुमचे वकील कोण, असं त्यांनी मास्तरांना विचारलं.

“तसे बरेच आहेत, मॅडम.”

“वकीलपत्र कुणाचं?”

“कुणाचंच नाही.”

मागच्या बाकावरचे धिप्पाड वकील एकाएकी पंख्याकडे पाहू लागले. न्यायाधीशबाईंनी दोघांना समुपदेशकांकडे पाठवलं, अर्जदारांनी दुसरा वकील पाहावा, सामनेवाल्यांनी निदान एक करावा असं सांगितलं, आणि पुढची तारीख दिली.

समुपदेशकांच्या खोलीबाहेर एकच बाक होता. दोघं दोन टोकांना बसली.

“वकील गेली माझी,” बायको म्हणाली.

“हं,” मास्तर म्हणाले आणि लगेच सावरले. “मला माहीत नव्हतं.”

“तुम्ही काय बोललात, विचारलं तिला. सांगता येत नाही म्हणाली. सगळ्या कोर्टाला माहीत आहे, अहो. कारकुनांनासुद्धा. मला सोडून.”

मास्तर भिंतीकडे पाहत म्हणाले, “घर फार शांत असतं गं.”

“आता कळलं?”

मास्तरांनी मान हलवली. मग तेवढ्याने भागणार नाही हे ध्यानात येऊन त्यांनी जिन्यातल्या पावलांचं सांगितलं. मग मुलीच्या खोलीचं. समुपदेशकबाईंनी दार उघडून आत बोलावलं, तेव्हा बायको हात वर करून म्हणाली, “थांबा जरा. बोलतायत ते.”

म्हणून काही ती घरी परत आली नाही. तिने दुसरा वकील केला, मास्तरांनीही एक केला, बाकीचे रीतसर रुसले, आणि केस चालू राहिली. रविवार मात्र दोघांच्या संमतीने मास्तरांना मिळाला.

पहिल्या रविवारी मुलगी आली. मास्तर सकाळपासून तिच्या मागेमागे फिरत होते; दुकानाचं झालं, शेजाऱ्यांचं झालं, ती लहान असतानाचं झालं. दुपार कलली तशी तिने पुस्तकातून मान वर केली आणि मोठ्या माणसासारखं त्यांना समजावलं,

“बाबा, मी पुढच्या रविवारीही येणार आहे. सगळं आजच सांगायला नको.”