हनुवटी धरणारी जुबेदाचाची

जुबेदाचाची पुरुषांना नाव विचारायची नाही, वय विचारायची. भोरच्या एसटी स्टँडसमोर तिचं बांगड्यांचं दुकान. आयुष्यभर बायकांचे हात दाबून तिची बोटं अशी तयार झाली होती, की हनुवटी धरली की सुटका नाही. "वय किती रं तुजं? सत्तावीस? उजेडात ये." मग चेहरा इकडून तिकडं वळवून निरखायचा आणि सोडून द्यायचं. लग्नं जमवते म्हणावं, तर मुलीचं नाव काढत नसे. गावातले सत्तावीस वर्षांचे लोक बत्तीस सांगून निसटायला लागले.

आदल्या वर्षी तिला सव्वीसचे लागायचे, त्याआधी पंचवीसचे. हे ध्यानात आलं तेव्हा मला जरा कसंसंच झालं. कारण मीही सत्तावीसचाच होतो आणि तिला शिकवत होतो. पळणार कुठं?

दुकानाच्या वर माझा कॉम्प्युटर क्लास होता. कॉम्प्युटरवर माणसाचं डोकं घडवता येतं, असं तिनं कुठूनसं ऐकलं आणि सरळ जिना चढून आली. मलाही ते थोडंफारच येत होतं. स्क्रीनवर एक राखाडी गोळा असतो. माउसनं ओढला की नाक निघतं, दाबला की डोळ्यांच्या खोबणी होतात. चाचीनं ते माझ्यापेक्षा लवकर उचललं.

डोकं टकलं, राखाडी, डोळे मिटलेलं. ती ते सावकाश गोल फिरवत बसायची आणि त्याच्याशी पुटपुटायची. डोळे उघडू का, म्हटलं, तर म्हणाली, "नगं. मंग ते बगायला लागंल." नसरापूरहून येणाऱ्या मुलींनी त्या कॉम्प्युटरवर बसणं सोडून दिलं. दर वर्षी ती गालावरून थोडं काढायची, कपाळ थोडं मागं न्यायची. म्हणजे ते डोकं वयानं वाढत होतं. एका दुपारी मी वाकून पाहिलं तर नाक स्टँडवरच्या कंडक्टरचं होतं, कान गॅरेजवाल्याचे. खाली माझी हनुवटी होती. मी नकळत माझी चाचपून पाहिली.

त्या दिवशी मी न राहवून विचारलं, हा कोण?

"सलीम माजा. धाव्वीला नापास झाला आन् घरातनं गेला," ती माउस न सोडता म्हणाली. "फोटू शाळंचा हाय, त्यात त्वांड तांदळाएवढं. आता तो आला आन् म्याच वळखलं न्हाई, तर?"

तिनं भुवईवर एक बारीक खाच पाडली. लहानपणी त्याला दुकानातलीच काच लागली होती, म्हणाली. तशीच खाच दुसऱ्या भुवईवरही आपोआप उमटली. एका बाजूला केलेलं दुसऱ्या बाजूला आपसूक होतं, तशी सोय असते, ती बंद करता येते, असं मी सांगितलं. मग माउस हातात घेऊन मी विचारलं, कुठली पुसू, डावी की उजवी?

तिनं हात उचलला. स्वतःच्या एका भुवईवर नेला, मग दुसरीवर. मग स्क्रीनवरच्या चेहऱ्यासमोर तसाच धरून ठेवला. बराच वेळ. खाली दुकानात कुणी तरी तिला हाका मारत होतं.

"म्याच रगत पुसलं व्हतं रं," ती म्हणाली. मला तिच्याकडं बघवेना.

मग तिनं माझा माउसवरचा हात बाजूला सारला.

"ऱ्हाऊ दे दोनी. कुटल्या बी बाजूनं दारात हुबा ऱ्हायला, तरी दिसंल."