हत्तीखालची मंजूर ओळ

सोनपेठ तालुक्यात शिकवणाऱ्या राजेश्रीबाईंची पूर्णेला बदली झाली होती. झाली होती म्हणजे कागदावर झाली होती. बाई अजून जुन्याच शाळेत होत्या, कारण त्यांना कार्यमुक्त केलेले नव्हते. बदली होणे आणि जायला मिळणे या दोन स्वतंत्र बाबी आहेत, हे नोकरीत नसलेल्यांना पटवणे अवघड जाते. पूर्णेला नवरा हरिओम रेल्वेत होता आणि मुलगी निकिता दुसरीत. दर रविवारी एसटी सुटताना ती विचारी, "आई, आता राहायलाच येतीस ना?" बाई 'हो' म्हणत आणि भलतीकडेच बघत. लेकीशी खोटे बोलणे त्यांच्या जिवावर येई.

अशात रस्ता सुरक्षा सप्ताह आला. तालुक्याच्या रस्ता जागृती कक्षाने त्यासाठी चित्रे मागवली होती. निविदेत 'मोटारींची चित्रे' एवढेच म्हटले होते. त्यामुळे ज्याचा दर सगळ्यांत कमी, त्या पुरवठादाराने कुठल्याशा परदेशी मासिकांतल्या जुन्यापुराण्या मोटारींच्या जाहिराती मोठ्या करून आणून दिल्या. एकीत मोटारीच्या टपावर हत्ती उभा होता. दुसरीत झगा घातलेली बाई बोनेटवर पहुडली होती आणि सुटाबुटातला गृहस्थ गुडघे टेकून चाक पुसत होता. तिसरीत, जिथे शेळीसुद्धा चढणार नाही अशा सुळक्यावर मोटार चमकत होती. चौथीत भर नदीत उभ्या केलेल्या मोटारीच्या टपावर एक कुटुंब आनंदाने जेवत होते.

चित्रे परत करावीत, तर खरेदी चुकली असा अर्थ निघाला असता. म्हणून कक्षप्रमुख बन्सीधर साहेबांनी चित्रे विनोदी असल्याचे जाहीर केले. विनोदी चित्रांना विनोदी ओळी लागतात, आणि जादा काम निघाले की शिक्षक लागतो. बाईंच्या कार्यमुक्तीची फाईलही साहेबांच्याच टेबलावर असल्यामुळे बाईंना बोलावणे आले.

"मॅडम, तुमी मराठीच्या ना? लोक हसतील असं लिहा जरा," साहेब म्हणाले. "हे काम झालं की तुमच्या कार्यमुक्तीवर सही. माझा शब्द हाय."

बाईंनी एका बैठकीत ओळी लिहिल्या. हत्तीखाली लिहिले, 'सरका जरा, अजून दोघं बसतेत.' चाक पुसणाऱ्या गृहस्थाखाली, 'लग्नाआधी.' सुळक्याखाली, 'गाडी पोचली, रस्ता मंजूर हाय.' आणि नदीखाली, 'पूल होईस्तोवर जेवून घेऊ.' कक्षातला शिपाई आश्रुबा ते वाचून इतका हसला की हातातला चहा साहेबांच्या फायलीवर सांडला. बाईंना वाटले, पूर्णा आलीच.

परंतु विनोद सरकारी खर्चाने होणार असल्यामुळे तो तपासून घेणे क्रमप्राप्त होते. त्यासाठी समिती नेमली. समिती तटस्थ असावी म्हणून विनोदाशी कधीही संबंध न आलेले सदस्य निवडले. ते कक्षातच मुबलक होते. समितीचे मत पडले की 'अजून दोघं बसतेत' या ओळीमुळे काळी-पिवळीत जादा माणसे कोंबण्यास उत्तेजन मिळते. रस्ता आणि पूल या शब्दांनी ज्यांना ते करता आले नाहीत त्यांच्या मनाला लागेल. 'लग्नाआधी' वाचून एक ज्येष्ठ सदस्य बराच वेळ खिडकीबाहेर पाहत राहिले आणि मग भावना दुखावतात म्हणाले. कोणाच्या, ते कोणी विचारले नाही.

सुधारित ओळी मंजूर झाल्या. हत्तीखाली आता होते, 'सदर वाहनावर हत्ती आढळून येतो. वाहनावर हत्ती ठेवण्यापूर्वी सक्षम अधिकाऱ्याची परवानगी घ्यावी.' बोनेटवरच्या बाईखाली, 'बोनेटवर पहुडू नये.' सुळक्याखाली, 'रस्त्याचे काम प्रगतिपथावर आहे.' नदीखाली, 'भोजनोत्तर हात स्वच्छ धुवावेत.'

"साहेब, ह्यात हसायचं कुठं?" बाईंनी विचारले.

"त्याची सोय केली हाय," म्हणत साहेबांनी दाखवले. प्रत्येक चित्राखाली लाल अक्षरांत छापले होते: 'हा विनोद आहे.'

आठवडी बाजाराच्या दिवशी प्रदर्शन मांडले. सोबत सूचना होती की आलेल्या प्रत्येक नागरिकाचा हसतानाचा फोटो, ठिकाण उमटेल अशा बेताने, मोबाइलमध्ये काढून वर पाठवावा. जो हसणार नाही त्याच्याकडून कारण लिहून घ्यावे. फोटोंची जबाबदारी अर्थातच बाईंकडे आली.

लोक आले आणि पाट्या वाचून गंभीर झाले. लिंबाजी नावाच्या शेतकऱ्याने हत्तीखालची ओळ पुन्हा पुन्हा वाचली. "परवानगी घ्या म्हणायलेत. म्हंजे हत्ती द्यायलेत. फारम कुठं हाय?" बघता बघता रांग लागली. लोकांनी पिशवीतून आधार कार्ड, सातबारा काढले. कोणीतरी विचारले, "चाऱ्याचं अनुदान येगळं हाय का त्याच्यातच?" गर्दी पाहून साहेब खूश झाले. पण योजनेच्या रांगेत उभा माणूस हसत नसतो, आणि बाईंच्या मोबाइलमध्ये एकही हसरा चेहरा येईना.

मेथी विकणाऱ्या धुरपताबाई टोपली ठेवून जवळ आल्या. "बाई, कवाधरनं फोटू काढायलाव. सांगा की, कशाला हसायचं?"

बाईंच्या डोळ्यांपुढे एसटीबाहेर उभी निकिता आली. त्यांनी इकडेतिकडे पाहिले आणि हत्तीची मूळ ओळ धुरपताबाईंच्या कानात सांगितली. त्या सकाळीच काळी-पिवळीतून निम्म्या आत, निम्म्या बाहेर बसून आल्या होत्या. हसत हसत खालीच बसल्या. त्यांनी ती ओळ पुढचीच्या कानात घातली, पुढचीने नवऱ्याच्या. मग बाईंनी बाकीच्या ओळीही सांगितल्या. 'लग्नाआधी'ला तर भाजीवाल्या बायांची अख्खी रांग तोंडाला पदर लावून लोटपोट झाली. लिंबाजीही हत्तीचा नाद सोडून हसला. सगळा बाजार हसत होता आणि बाई फोटो काढत होत्या.

अहवाल वर गेला: मंजूर ओळींमुळे तालुका पूर्णतः हसला. साहेबांना शाल-श्रीफळ मिळाले. बाई सहीसाठी गेल्या.

"आता कसं सोडू मॅडम? तुमी अपरिहार्य हाव असं वर कळवलंय. न हसवणारी माणसं माझ्याकडं लय हायेत."

"साहेब, शब्द दिला होता तुमी."

"दिला होता ना. पण तुमी इतकं चांगलं काम करताल असं तवा वाटलं न्हवतं. पुढं ट्रॅक्टरची चित्रं यायलीत."

बाईंनी खरे सांगून टाकले. लोक मंजूर ओळींवर हसलेच नव्हते. साहेब उठले, दार लोटून आले आणि हळू आवाजात म्हणाले, "नामंजूर विनोद केला म्हणून लेखी देता? मग चौकशी लागंल. आन् चौकशी संपेस्तोवर कुणाला सोडता येत न्हाई."

संध्याकाळी बाईंनी पूर्णेला फोन लावला. सगळे ऐकून हरिओमने 'बरं' म्हणून फोन लेकीकडे दिला.

"आई, लोक हसले का गं?"

"हसले की. लय हसले."

"मग तू यायलीस ना?"

बाईंना रडू आले आणि त्यांनी ते आवरले नाही.

आता राहिला प्रश्न आपला. कक्षाच्या नव्या निर्णयानुसार या चित्रांवर तालुक्याबाहेर कोठेही कोणी हसल्यास त्याचीही गणना लाभार्थ्यांत होते आणि बाईंची अपरिहार्यता तेवढी वाढते. हत्तीपाशी आपण हसलात, किंवा 'लग्नाआधी'पाशी. नोंद झालेली आहे, त्याची काळजी नसावी. फक्त रविवारी पूर्णेच्या स्टँडवर निकिताला काय सांगायचे, तेवढे आपल्या सवडीने कळवावे.