हिरेमठ सरांनी मोकळी ठेवलेली जागा

हिरेमठ सरांच्या टेबलावर चहा ठेवून कोणी मुकाट्यानं निघालं, की सर त्याला दारातून परत बोलावत. "झालं म्हण की." त्याशिवाय कपाला हात लावत नसत. चहावाला सकाळीच दोनदा "झालं, झालं" म्हणून जायचा. दुपारचंही उरकून टाकायचा.

सर अक्कलकोटचे. सोलापुरातल्या एका मिलच्या संगणक विभागात होते आणि मी तिथं यंत्राला वाचता येतील अशी कार्डांना भोकं पाडायचे. शाळा सातवीत सुटलेली, गाव तिकडं कोकणात. सरांनीच हे काम शिकवलं, म्हणून पोटाला लागले. कायम व्हायला महिना उरला होता. मशीन जरा खडखडलं तरी मी कार्ड काढून पुन्हा तपासायचे.

सरांना यंत्रासाठी स्वतःची भाषा करायची होती. वही भरत आली होती, अडलं होतं एकाच ठिकाणी. प्रत्येक हुकमाखाली तो कोणत्या प्रकारचं उत्तर घेऊन परत येणार, ते लिहायचं. आकडा की अक्षर. पण ज्या हुकमाला नुसता मथळा छापून यायचंय, त्यानं काय आणायचं?

"काहीच नाही. तिथं काही लिहूच नका," शेजारच्या टेबलावरचे जोशी म्हणायचे.

"तसं कसं? गेला, काम करून आला. तेवढं तरी कळाय नको?"

योग्य शब्द सापडेना, म्हणून सरांनी जागा मोकळी ठेवली. मला वाटलं, विसरले. कार्डाला भोकं पाडताना मी तिथं शून्य मारलं.

सरांच्या भाषेत केलेली गोदामाच्या हिशेबाची ती कार्डं पुण्याच्या यंत्राकडं गेली आणि छापील कागद आले. यंत्रानं ते शून्यच उत्तर धरलं होतं. गोदामातल्या सुताच्या सगळ्या गाठी शून्य. मॅनेजरसाहेबांनी सरांना आत बोलावलं. मी बाहेर बसून मनातल्या मनात ट्रंक भरत होते.

अर्ध्या तासानं सर येऊन खुर्चीत बसले.

"सर, माझं नाव सांगितलंत?"

"तुमचं कशाला? जागा मोकळी दिसली तर शाणा माणूस भरणारच की. चूक भाषेची हाय." मग चष्मा पुसत म्हणाले, "वही बंद करा म्हणाले. तुमच्या कायम व्हायच्या कागदावर मात्र सही केली साहेबांनी."

मला रडू आवरेना. सरांनी खणातून कोरं पोस्टकार्ड काढून पुढं सरकवलं. "घरी कळवा. काळजीत असतील."

"तुम्हाला लागेल ना, सर."

"दर महिन्याला आणतो मी," सर म्हणाले. "पत्ता कुणाचा घालायचा, तेच ठरत न्हाई."