सोलरपूरची विभूती

"येत्या सोमवारी सोलापूरचं सोलरपूर करून दावतो की न्हाय, बगा!"

गुरुबसप्पांचं हे वाक्य भवानी पेठेतल्या चहावाल्याला, किराणावाल्याला आणि स्वतःच्या तोंडाला फेस लावलेला असताना न्हाव्यालासुद्धा ऐकवून झालं होतं.

त्यांच्या चाळीच्या गच्चीवर एका संस्थेनं सोळा सोलर पॅनेल बसवले होते आणि देखरेख समितीचं अध्यक्षपद गुरुबसप्पांकडे चालून आलं होतं. चालून म्हणजे, दुसऱ्या कोणी घेतलं नव्हतं! चाळीतल्या बायका टॉवेलच्या कडा शिवून घर चालवायच्या. पायानं मशीन हाणून हाणून सगळ्यांचे गुडघे कामातून गेलेले, आणि सगळ्यात जास्त खुद्द अध्यक्षांच्या बायकोचे, महादेवीचे. आता या विजेवर मशीनला मोटारी लागणार होत्या. अट एकच. सोमवारी बारा वाजता संस्थेच्या वैष्णवी मॅडम येणार, मीटरवर पाच किलोवॅटचा आकडा बघणार, तरच मोटारी जोडणार. नाहीतर पुढची चाचणी थेट दिवाळीनंतर!

"पॅनेलवर कसलीही सावली नको," मॅडमनी बजावलं होतं. "थोडी पडली तरी वीज कमी होते."

"आमी हाय की!" अध्यक्ष म्हणाले.

सोमवारी उजाडताच गुरुबसप्पा अंघोळ करून, कपाळाला तीन बोटं विभूती लावून गच्चीवर गेले. नव्या वस्तूला विभूती लावल्याशिवाय ती वापरायची नाही, हा घरचा नेम. फ्रिजला लावली, जावयाच्या मोटारसायकलला लावली, मग पॅनेलनी काय पाप केलं? पण एवढ्या मोठ्या कपाळाला तीन बोटं कशी पुरणार? त्यांनी पातेलंभर विभूती कालवली आणि भिंत रंगवायच्या ब्रशनं प्रत्येक पॅनेलवर तीन ऐसपैस पट्टे ओढले. ओले पट्टे नीट दिसेनात, म्हणून आणखी एक हात मारला.

दहा वाजता मीटर बघतात तर दोन!

"सावली!" गुरुबसप्पा ओरडले आणि आधी शेजारच्या बजाबाईंच्या साड्या दोरीवरनं ओढल्या.

"अवो, त्या पॅनेलच्या मागं हायत की!"

"मागची सावली म्होरं यायला कितीसा येळ लागतो?"

मग कबुतरं हाकलली. मग खालच्या मजल्यावरच्या सिद्धलिंगप्पांची टीव्हीची डिश आडवी केली. खाली टीव्हीवरची मॅच गेली आणि सिद्धलिंगप्पा तणतणत वर आले.

"हुबं ऱ्हाऊ नगा! सावली पडतीया, बसा खाली!"

जो वर येईल त्याला बसवायचं काम सुरू झालं. ऊन चढलं तसे पट्टे वाळून पांढरेशुभ्र दिसू लागले. गुरुबसप्पांना तेवढाच काय तो दिलासा! आकडा मात्र दीडवर.

बारा वाजता मॅडम आल्या, तर अख्खी चाळ गच्चीवर उकिडवी बसलेली. मॅडमनी मीटर बघितलं आणि त्यांचा चेहरा उतरला.

"काका, मला दीडच लिहावं लागेल."

तेवढ्यात महादेवी एकेक पायरी चढत वर आली आणि धापा टाकत जिन्यातच बसली. दिवाळीपर्यंत हे गुडघे! गुरुबसप्पांनी हात जोडले.

"मॅडम, माज्याकडनं कायबी कमी केलं न्हाय. सोळाच्या सोळांना विभूतीसुदिक लावली!"

मॅडम पॅनेलपाशी गेल्या. वाकल्या. बोटानं पट्टा खरवडला.

"काका, ही तुमची सावली."

बजाबाईंनी आपल्या साड्यांकडे बघितलं. सिद्धलिंगप्पांनी डिशकडे बघितलं. मग दोघांनी मिळून अध्यक्षांकडे बघितलं.

"बगत काय बसलासा? पुसा की!" महादेवी कडाडली.

"पाणी ओतू नका, काच तापलीय! ओल्या फडक्यानं पुसा!" मॅडम म्हणाल्या.

टॉवेलांना काय तोटा! अख्खी चाळ पुसायला लागली आणि सगळ्यात जोरात अध्यक्ष. दोन... तीन... साडेचार... सोळावं पॅनेल लख्ख झालं आणि आकडा पाचवर टेकला!

संध्याकाळी महादेवीचं मशीन मोटारीवर घरघरलं, तरी सवयीनं तिचे पाय खाली हलतच होते. "गप बसा की रं आता," ती पायांना म्हणाली आणि स्वतःशीच हसली. दारात उभ्या गुरुबसप्पांचे डोळे भरून आले. त्यांनी ओल्या टॉवेलानं तोंड पुसायला घेतलं, आणि कपाळाशी हात थांबला.

"महादेवी, हितली बी पुसू का गं?"

तिनं शिवणीवरची नजर काढली नाही.

"ऱ्हाऊ द्या. तितनं कुटं वीज यायची हाय!"