शुद्ध लिनक्स मंडळ, जुईनगर

संगणकाच्या जगातली गुलामगिरी आता आपणच संपवायची, असं जुईनगरच्या आशुतोषने अठ्ठ्याण्णव साली ठरवून टाकलं. ऑफिसात विकतचं सॉफ्टवेअर वापरतात म्हणून त्याने नोकरीचा राजीनामा दिला. ऑफिसने तो ज्या घाईने मंजूर केला, त्याचं त्याला जरा वाईट वाटलं. राजीनाम्याला आता आठ महिने होऊन गेले होते.

मग त्याने लिनक्स मंडळ काढलं. लिनक्स म्हणजे फुकट मिळणारी, आतली सगळी कारागिरी कुणालाही उघडून बघता येणारी प्रणाली. मंडळात माणसं तीन. अध्यक्ष आशुतोष, चिटणीस केयूर आणि न्हावा शेवा बंदरात नोकरी करणारा कृष्णात, हा सभासद. तिघांच्या सभेलाही सूचक, अनुमोदक, इतिवृत्त, सगळा सोसायटीच्या मीटिंगचा थाट असे.

आणि नशीब उघडलं. जवळच्या शाळेच्या मुख्याध्यापिका अरुणाबाई आशुतोषला म्हणाल्या, "बारा संगणक आलेत. तुमचं ते फुकटवालं शनिवारी दाखवा. पटलं तर तेच घेऊ आणि शिकवायला तुम्हालाच नेमू." आशुतोषच्या आईने संध्याकाळपर्यंत ही बातमी इमारतीच्या चारही मजल्यांवर पोचवली.

केयूरने डेमोचा संगणक छान सजवला. रंगीत खिडक्या, चित्रं, माऊसने टिचकी मारली की सगळं हजर. शुक्रवारी आशुतोषने ते पाहिलं आणि उपासाच्या ताटात कांदा दिसावा तसा त्याचा चेहरा झाला.

"या खिडक्या ज्या सामानावर उभ्या आहेत, ते एका कंपनीच्या मालकीचं आहे."

"अरे, पण फुकट देतायत ना ते?"

"फुकट वेगळं आणि मुक्त वेगळं, केयूर."

"बाईंना दिसायला तर पायजे काहीतरी. उद्या डेमो आहे, टेन्शन नको देऊ."

"तत्त्वाचा प्रश्न आहे. मतदान घेऊ."

"मला दोघांचंबी पटतंय," म्हणत कृष्णात तटस्थ राहिला. एकास एक झालं. मग आशुतोषने अध्यक्षांचं जादा मत स्वतःच्याच बाजूने टाकलं आणि खिडक्या काढल्या. एकदा साफसफाईला लागल्यावर त्याचा हात थांबेना. आवाजाचा ड्रायव्हर, म्हणजे आवाज चालवणारा प्रोग्राम, आतून बंदिस्त निघाला, काढला. प्रिंटरचाही काढला. एका खेळाच्या वापराच्या अटी नीट कळेनात, म्हणून संशयावरून तोही गेला. मंडळाची तत्त्वं उजळत गेली तसा पडदा काळा पडत गेला, आणि केयूर हात बांधून बघत बसला.

शनिवारी त्या काळ्या पडद्यासमोर अरुणाबाई बराच वेळ बसल्या.

"बंद पडलाय का?"

"नाही बाई, चालू आहे."

"मुलांनी यावर चित्रं कशी काढायची?"

"चित्रं काढायचा प्रोग्राम मुलं स्वतः लिहितील. त्यांना कुणीही अडवणार नाही."

"चौथीची मुलं आहेत हो ती."

"सवय लहानपणीच लागलेली बरी."

बाईंनी चष्मा काढून पुसला. "निदान माझी एक नोटीस तरी छापून दाखवा."

"प्रिंटर तत्त्वात बसला नाही, बाई."

"कशात?"

"तत्त्वात."

बाई उठायला लागल्या. तेवढ्यात केयूरने बॅगेतून सीडी काढली. "बाई, अर्धा तास द्या मला." आणि तो खिडक्या परत चढवायला बसला. हा फितुरीचा प्रकार पाहून आशुतोषने सभात्याग केला. केयूर आणि कृष्णात मागोमाग येतील म्हणून तो फाटकाशी थांबला. कृष्णात आला, पण "अध्यक्ष, चहा घेणार का? आत सांगतोय," एवढं विचारून परत गेला.

संध्याकाळी कळलं, शाळेने लिनक्स घेतलं आणि शिकवायला केयूरला नेमलं. ज्या प्रणालीसाठी आशुतोषने नोकरी सोडली, तिच्यावर पोट भरणार केयूर! आशुतोषला ते फार लागलं. त्याने रविवारी चार वाजता स्वतःच्या घरी तातडीची सभा बोलावली. विषय एकच, चिटणीसांची हकालपट्टी.

चिटणीस शाळेत बारा संगणक जोडत होते आणि कृष्णात त्यांना वायरी धरून देत होता. चारला कुणीच आलं नाही. गणपूर्तीअभावी सभा अर्धा तास तहकूब झाली आणि साडेचारला नियमाप्रमाणे, हजर असतील तेवढ्यांत, परत सुरू झाली. आशुतोषने ठराव मांडला, अनुमोदन दिलं आणि इतिवृत्तात लिहिलं, "एकमताने मंजूर."

आई चहा घेऊन आली. "झाली का रे मीटिंग?"

"झाली. सगळं माझ्या बाजूने झालं."

"बरं झालं बाई. मग शाळेत कधीपासून जायचं?"

हा प्रश्न विषयपत्रिकेवर नव्हता, त्यामुळे अध्यक्षांनी तो पुढच्या सभेवर ढकलला.