चव्वेचाळीस हजार दिवसांचं पेव

डिगरवाडीत संपलेला दिवस निघून जात नाही. दिवेलागणीला तो उंबऱ्याच्या आत पडलेला सापडतो, माणशी एक, किलोच्या गुळाच्या ढेपेएवढा, आणि तो कुठं ठेवायचा हे ज्याचं त्यानं बघायचं असतं.

शिदगोंडा मगदुमाच्या घरात असे चव्वेचाळीस हजार दिवस साठले होते. निम्म्याहून जास्त त्याचे, बाकीचे बायकोचे, चंपाक्काचे. दिवस मांडीवर घेऊन बसलं की तो होता तसा पुन्हा दिसतो. शिदगोंडाची सत्तरी उलटली, पण त्यानं आपला एकही दिवस कधी काढून बघितला नव्हता. बघायचं काय त्यात, मी होतोच की तिथं, असं तो म्हणायचा. माणूस तिरसट होता, पण यात त्याचं काही चुकत नव्हतं.

माळा भरला, मग माजघर भरलं, मग पलंगाखाली जागा उरली नाही. पुढं पश्चिमेकडची भिंत रस्त्याच्या बाजूला फुगली, तेव्हा ग्रामसेवक नोटीस घेऊन आला. महिनाभरात दिवस हलवा, नाहीतर पंचायत ते उचलून कंपनीत नेऊन टाकेल. नोटिशीखाली दोन चौकटी होत्या. एक कंपनीची, एक स्वतःच्या सोयीची. एकीतच खूण करायची होती.

कंपनी म्हणजे चिरंतन कंपनी. तालुक्याला तिची पाच मजली कोठारं आहेत, आत बारा महिने गारठा. निम्म्या गावानं आपले दिवस तिकडं दिले होते. मुलगी सुनंदा पुण्याला असते, तिनं तर लग्न झाल्याबरोबर आपले दिवस ट्रकात घालून कंपनीत टाकले. आता ती फोनवर रोज सांगायची की आई, तुमचेही द्या, म्हणजे मला इथल्या शाखेत बसून बघता येतील. चंपाक्काला ते पटलं होतं. तिचे गुडघे गेले होते आणि माळ्यावर चढवत नव्हतं. कंपनीत खिडकीशी चिठ्ठी दिली की दहा मिनिटांत दिवस हातात देतात.

शिदगोंडाला ते पटत नव्हतं. त्याचा जन्म पेवात गेलेला. पेव म्हणजे हळद साठवायला जमिनीत खणलेला खड्डा, तीस हात खोल, तोंडाशी माणूस जाईल एवढा आणि पोटात खोलीएवढा. काठोकाठ भरून तोंड मातीनं लिंपलं की आत हवा राहत नाही, आणि हवा नाही म्हणून मालाला काही होत नाही. पुढं सगळी हळद शीतगृहात जायला लागली आणि पेवं ओस पडली. शिदगोंडाचं स्वतःचं एक पेव मळ्याच्या कडेला होतं, कोरडं आणि रिकामं. माझे दिवस माझ्या जमिनीत, असं त्याचं म्हणणं. पुराचं काय, असं शेजारच्या भूपालनं विचारलं, तर पेव उंचवट्यावर आहे, तिथवर पाणी आलं तर तुझी कंपनीही पोहायला लागेल, असं त्यानं ऐकवलं.

भूपालचे दिवस कंपनीत होते. त्यानं एकदा आपल्या लग्नाचा दिवस मागवला तर दुसऱ्याच कुणाचं लग्न आलं. त्यानं ते परत केलं नाही. जेवण चांगलं होतं, म्हणाला.

शेवटी चंपाक्काच्या आग्रहानं कंपनीचा माणूस पाहणीला आला. चौगुले त्याचं नाव. पोरगा नव्हे, चांगला पन्नाशीचा, शर्ट खोचलेला, बोलायला मऊ. त्यानं दोन दिवस घरात बसून एकेक ढेप हातात घेतली, कानाशी धरली, वहीत खुणा केल्या. तिसऱ्या दिवशी त्यानं सांगितलं की चव्वेचाळीस हजारांपैकी सहाशे तेरा भरतील. बाकीचे सारखे आहेत. कंपनीचा नियम असा की सारखे दिवस एकच ठेवायचा आणि बाजूला आकडा लिहायचा.

“तुमचे पेवात उतरल्याचे दिवस अकरा हजार आहेत, तात्या,” तो म्हणाला. “त्यांतला एक आम्ही ठेवतो. चांगला स्वच्छ बघून.”

शिदगोंडा यावर जे बोलला ते इथं लिहिण्यासारखं नाही. चौगुल्याला त्याची सवय असावी. चंपाक्का मात्र शांत होती. सारखे आहेत तर एकच बरा, पसारा कमी, असं तिनं नवऱ्याला समजावलं. मग ती उठली आणि देवळीतलं फडक्यात बांधलेलं गाठोडं घेऊन आली. त्यात नऊ दिवस होते.

सुनंदाच्या आधी त्यांना एक मुलगा झाला होता. तो नऊ दिवस होता. बारसं बाराव्याला असतं, त्यामुळे त्याला नाव नव्हतं. त्याचे स्वतःचे दिवस इतके लहान पडले की सुपारीएवढेसुद्धा नव्हते, ते त्याच्याबरोबरच गेले. राहिले ते चंपाक्काचे नऊ. महिन्यातून एकदा ती त्यांतला एक मांडीवर घेऊन बसायची. शिदगोंडा तेवढा वेळ मळ्यात जायचा.

चौगुल्यानं नऊही कानाशी धरले. बराच वेळ घेतला, माणूस वाईट नव्हता. मग त्यानं वहीत लिहिलं: बाळंतीण, खोली, मूल निजलेलं. दिवस एक, आकडा नऊ.

“चवथ्याला त्यानं मूठ उघडली,” चंपाक्का म्हणाली. “सातव्याला शिंकला.”

“तशी नोंद करतो, आक्का.”

“नोंद नगं. नऊ पायजेत.”

नियम सगळ्यांना एकच आहे, असं चौगुले म्हणाला. नावाचा रकाना रिकामा ठेवता येणार नाही, तिथं काय लिहू, असंही त्यानं विचारलं. चंपाक्कानं गाठोडं परत बांधलं. नवऱ्याकडं न बघता तिनं विचारलं, की पेव उघडायला किती वेळ लागतो.

पेव उघडलं की एक दिवस तसंच ठेवावं लागतं. आतली कोंडलेली हवा माणसाला मारते. दुसऱ्या दिवशी शिदगोंडानं दोरीनं कंदील खाली सोडला, तो विझला नाही, तेव्हा तो उतरला. चार गडी लावून बैलगाडीनं घर रिकामं करायला अठरा दिवस लागले. वरून चंपाक्का टोपली सोडायची, खाली शिदगोंडा ढेपा रचायचा. अकरा हजार सारखे दिवस एकमेकांना असे चपखल बसत होते की मध्ये बोट शिरत नव्हतं. पेव निम्मं भरलं तेव्हा चंपाक्कानं गाठोडं सोडलं. त्यानं ते बरोबर मधोमध ठेवलं आणि चारी बाजूंनी आपले दिवस लावले.

“आता काढायचे कसे?” वरून तिनं विचारलं.

त्यानं सांगितलं की काढायचे नाहीत. काढायचे असतील तर कंपनी आहे. इथं फक्त राहतात.

तिनं दोरी वर ओढून घेतली. मग पुढची टोपली खाली आली.

सगळं रचून झालं तेव्हा तोंडाशी सात ढेपांची जागा उरली. पोकळी राहिली तर आतला सगळा माल सहा महिन्यांत किडतो, नऊसुद्धा. दुसरं काही कोंबून चालत नाही. दिवसांना दिवसच लागतो. मुदतीला चार दिवस होते. दोघांचे मिळून आठ होणार, म्हणजे एक शिल्लक. दोघं पेवाच्या तोंडावर ओलं पोतं टाकून तिथंच मळ्यातल्या खोपीत राहिले. दिवस खोपीच्या उंबऱ्यालाही पडतो.

पहिल्याच दुपारी ग्रामसेवक मोजणीची टेप घेऊन आला आणि पेवाचा परवाना मागू लागला. शिदगोंडानं त्याच्या तीन पिढ्या काढल्या. संध्याकाळी चंपाक्काचा दिवस चौकोनी पडला, त्याचा वाकडा. भांडणाच्या दिवसाला एक बाजू खचलेली असते. घरात असे त्याचे पुष्कळ होते, ते त्यानं तळाला टाकले होते. तोंडाशी वाकडा चालत नाही. चंपाक्कानं तो हातात फिरवून बघितला आणि बांधावर ठेवून दिला. रागावली नाही. ती रागावली असती तर तिचाही दुसऱ्या दिवशी वाकडा पडला असता, एवढं तिला कळत होतं.

आता सहा जागा, तीन दिवस. शिदगोंडा दोन दिवस गप्प राहिला. भूपाल येऊन म्हणाला, तात्या, आजारी आहात काय. त्यानं मान हलवली. चार चौकोनी पडले.

शेवटच्या दुपारी ग्रामसेवक आला, बरोबर चौगुले आणि कंपनीचा ट्रक. अंधार पडेपर्यंत तोंड लिंपलं नाही तर माल कंपनीचा, असा कागद त्यानं वाचून दाखवला. चौगुले सावलीला बसला. उगाच त्रास घेता, तात्या, असं तो समजुतीनं म्हणाला. “एवढं करून आत काय आहे? जन्मभर एकच दिवस काढलात तुम्ही, अकरा हजार वेळा.”

ट्रकवाल्यानं गाडी वळवून मागची फळी पाडली. चंपाक्का नवऱ्याच्या हाताकडं बघत होती. त्याच्या हातात फावडं होतं.

“व्हय,” शिदगोंडा म्हणाला. “सारखेच हायेत. च्या घेणार काय?”

चौगुल्यानं चहा घेतला. ग्रामसेवकानंही घेतला. पावसापाण्याचं बोलणं झालं. ऊन उतरलं, चंपाक्कानं खोपीत दिवा लावला, आणि उंबऱ्याच्या आत दोन ढेपा पडल्या. शिदगोंडानं त्या उचलून चारी बाजू अंगठ्यानं चाचपल्या. मग पेवाच्या तोंडाशी बसून त्यानं दोन्ही बसवल्या, वर चिखल थापला आणि तळहातानं सारखा केला.

ग्रामसेवकानं कागदावर दुसऱ्या चौकटीत खूण केली आणि शिदगोंडाचा अंगठा घेतला. ट्रक रिकामा गेला. चंपाक्का चिखल वाळेपर्यंत तिथं बसून राहिली, आणि शिदगोंडा या खेपेला मळ्यात गेला नाही.